घर्षणाचा कडता

जुन्या इमारतीचा लांब व्हरांडा आता राहिलेला नाही. हल्लीच्या मुलांनी तो पाहिलेलाच नाही, म्हणून आधी सांगतो. कार्यालयापासून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत तो सरळ जायचा. एका अंगाला वर्ग, दुसऱ्या अंगाला मैदान आणि खाली शहाबादी फरशी. मी नववीत असताना एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्या फरशीवर निळीच्या पाण्याच्या थेंबांची एक रांग पडली होती. पहिले थेंब जवळजवळ होते, पुढचे लांब लांब होत गेले होते. आम्ही पाच-सहाजण गुडघ्यांवर बसून पट्टीनं त्यांच्यातलं अंतर मोजत होतो, आणि आमचे विज्ञानाचे सर खांबाला टेकून गप्प उभे होते.

त्या आठवड्यात वर्गात न्यूटनचा दुसरा नियम झाला होता. संवेग परिवर्तनाचा दर प्रयुक्त बलाशी समानुपाती असतो, वगैरे. आम्हाला तो घडाघड पाठ होता. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. दोन दिले की तिसरं काढायचं, भागाकार करायचा आणि एकक लिहायचं, नाहीतर अर्धा गुण कापला जायचा. सरांनी फळ्यावर घातलेली सगळी गणितं मी सोडवली होती, आणि मला हा धडा समजला आहे याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती.

शनिवारी सरांनी शिपाईमामांकडून बाकं वाहायची लोखंडी गाडी मागवली. चार छर्‍यांची चाकं, गावातल्याच वेल्डरनं जोडलेली. तिच्यावर त्यांनी कुलूप लावलेली पत्र्याची ट्रंक ठेवायला लावली. मामांनी आणि दोन मोठ्या मुलांनी ती उचलून ठेवली, आम्हाला हात लावू दिला नाही. मग सर म्हणाले, "या ट्रंकेचं वस्तुमान सांगायचं. उचलायची नाही, तराजूत घालायची नाही. नुसती ओढायची."

गाडीचं वस्तुमान त्यांनी आदल्या दिवशीच लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर करून आणलं होतं, ३८ किलो. आमच्या हाती दिला तो पाच किलोचा ताणकाटा. स्टॉपवॉच शाळेत एकच होतं आणि ते खेळाच्या सरांच्या कपाटात बंद. त्याऐवजी विज्ञानाच्या सरांनी आरोग्य केंद्रातून सलाईनची वापरलेली बाटली आणि नळी धुऊन आणली होती. गाडीला बांबू बांधला, त्यावर बाटली उलटी टांगली, तिच्यात निळीचं पाणी भरलं. नळीवरचं ते लहानसं चाक असतं ना, ते कमी-जास्त करत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी मिनिटाला बरोबर साठ थेंब पडतील असं केलं. म्हणजे दर सेकंदाला एक थेंब. आमचं घड्याळ आता फरशीवरच लिहीत जाणार होतं.

काटा धरून ओढायला आमच्या वर्गातली लंगडीच्या संघाची कप्तान होती. आम्ही मुलांनी आधी प्रयत्न करून पाहिला, पण आमचा काटा दोन आणि पाच यांच्यामध्ये नाचत राहिला. तिनं ओढल्यावर तो चारवर टेकला आणि शेवटपर्यंत तिथेच थरथरत राहिला. हे दिसतं तितकं सोपं नाही. गाडीचा वेग वाढत जातो, तसा आपल्यालाही वाढवावा लागतो, पण ओढ मात्र तीच ठेवायची. पाच-सहा सेकंदांत ती जवळजवळ पळायला लागली होती.

थेंबांमधली अंतरं आली २४, ५३, ८४, ११४ आणि १४३ सेंटिमीटर. प्रत्येक अंतर म्हणजे त्या एका सेकंदात गाडी किती गेली ते. म्हणजेच त्या सेकंदातला सरासरी वेग. दर सेकंदाला हा वेग जवळपास ३० सेंटिमीटर प्रति सेकंद इतका वाढत होता. त्वरण ०.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. मला आठवतं, हा आकडा आला तेव्हा मी मान वर करून त्या रांगेकडे पुन्हा पाहिलं. तोवर त्वरण म्हणजे वहीतलं एक अक्षर होतं. इथे ते फरशीवर सांडलेलं होतं, निळ्या रंगात, आणि बोट लावलं तर बोटाला लागत होतं.

काट्यावर चार किलो. इथे एक खाच होती, ती सरांनी आधीच भरून घेतली होती. ताणकाट्यावर किलो छापलेलं असतं, पण आतली स्प्रिंग ओळखते ती फक्त ओढ. चार किलो दाखवणारा काटा चार गुणिले ९.८, म्हणजे ३९.२ न्यूटन बल सांगत असतो. हे मला माहीत होतं. मी झरझर भागाकार केला आणि सगळ्यांच्या आधी ओरडलो, "सर, १३१ किलो! गाडी वजा जाता ट्रंक ९३!"

सर म्हणाले, "शिपाईमामा, ९३ किलोची ट्रंक तुम्ही तिघांनी एवढ्या सहज उचललीत?" मामा नुसते हसले.

मी वही पुन्हा पाहिली. भागाकार बरोबर होता. सूत्र बरोबर होतं. नियमात लिहिलंय 'प्रयुक्त बल', आणि मी प्रयुक्त म्हणजे लावलेलंच बल घेतलं होतं. चूक कुठे आहे ते मला दिसेना आणि कानशिलं तापली. तेव्हा सर माझ्याजवळ येऊन बसले. खाली, फरशीवर. त्यांनी मला विचारलं, "तुझे वडील हळद घेऊन बाजारात जातात ना? वजन झाल्यावर व्यापारी काय करतो?"

"कडता कापतो," मी म्हणालो.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हा शब्द सांगावा लागणार नाही. बारदानाचा कडता, ओलीचा कडता, मातीचा कडता. काट्यावर भरेल त्यातून काही ना काही वजा व्हायचंच आणि पैसे मिळायचे ते उरलेल्याचे. त्याच वर्षी एका व्यापाऱ्यानं वडिलांच्या हळदीला पोत्यामागे भरमसाठ कडता लावला होता आणि ते दोन दिवस जेवताना बोलले नव्हते. या शब्दाचा मला राग होता. सरांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही.

सर म्हणाले, "हिनं लावलं ते ढोबळ बल. गाडीपर्यंत पोचताना त्यातून घर्षणानं आपला कडता कापून घेतला. गाडीचा वेग वाढवायला जे उरलं, ते निव्वळ. तुपाच्या डब्यावर लिहिलेलं असतं बघ, निव्वळ वजन. वेगातला बदल फक्त निव्वळ बलाला ओळखतो. बाकीच्याशी त्याचा संबंध नाही." आणि मग थोडं थांबून म्हणाले, "बाजारातला कडता त्याच्या मनाचा असतो. आपला कडता आपण मोजायचा."

मोजायचा कसा, हे त्यांनी आम्हालाच शोधायला लावलं. बराच वेळ गेला. शेवटी उत्तर सापडलं ते त्या कप्तानालाच. ती म्हणाली, गाडी एकदा चालू झाली की एकाच वेगानं चालवायला फार जोर लागत नाही, पण थोडा लागतोच, तो थोडा म्हणजेच घर्षण असणार. पहिल्या नियमाचा तो सगळा अर्थ तिच्या मनगटाला कळला होता. आम्ही फरशी पुसली, गाडी परत मागे नेली आणि या वेळी तिनं ती सावकाश, एका चालीत ओढली. थेंब पडले ६१, ६०, ६२ आणि ६० सेंटिमीटरवर. अंतरं सारखी, म्हणजे वेग बदलत नाही, म्हणजे निव्वळ बल शून्य. तिची ओढ आणि घर्षण यांची बरोबरी. काट्यावर होता दीड किलो, म्हणजे १४.७ न्यूटन. हाच तो कडता.

३९.२ वजा १४.७ म्हणजे २४.५ न्यूटन. भागिले ०.३, जवळपास ८१.७ किलो. त्यातून गाडीचे ३८ गेले, ट्रंक ४३.७ किलो.

मग ट्रंक गाडीवरूनच चौकातल्या धान्याच्या दुकानात नेली. मागे आमची मिरवणूक. दुकानदारानं तागडीत मापं टाकली, काढली, पुन्हा टाकली. ४२.५ किलो. त्या दिवशी आम्ही जो आरडाओरडा केला तो आंतरशालेय स्पर्धा जिंकल्यावरही केला नव्हता.

सर मात्र सव्वा किलोच्या फरकावर अडून बसले. सोमवारी वर्गात तेच. शेवटी मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, बांबू आणि बाटली कुठे धरली आपण?" ती धरलीच नव्हती. गाडी वखारीत तोलली तेव्हा तिच्यावर बांबू नव्हता. ताणकाट्याला लावून पाहिलं, पाण्यासकट नऊशे ग्रॅम. आम्ही पुन्हा ओरडायला लागलो तेव्हा सरांनी हात वर केला. थेंबांच्या अंतराची वाढ ३० ऐवजी २९ सेंटिमीटर धरली तर उत्तर किती येतं ते काढा, म्हणाले. आलं ८४.५. एका सेंटिमीटरच्या फरकानं जवळजवळ पावणेतीन किलो वाढले. म्हणजे आमचं उत्तर इतकं जवळ आलं यात नशिबाचाही भाग होता, आणि तो त्यांनी आम्हाला सांगून टाकला. मुलांचा आनंद चालू असताना असं सांगायला धैर्य लागतं. आता वाटतं, त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा धडा हाच असेल.

ट्रंकेत काय होतं हेही सांगायला हवं. जुने हजेरीपट. शाळा सुरू झाल्यापासूनचे, दोरीनं बांधलेले. सरांनी ते आम्हाला चाळू दिले. माझ्या ताईचं नाव मला सातवीच्या पटात सापडलं. जानेवारीपर्यंत ह, ह, ह, आणि पुढे लाल शाईची आडवी रेघ. तिचं लग्न ठरलं होतं. मी पान उलटलं आणि घरी कुणाला बोललो नाही.

पुढे अभियांत्रिकीला गेलो. तिथल्या भौतिकशास्त्राच्या जाड पुस्तकात एक उदाहरण भेटलं आणि मी वसतिगृहाच्या खोलीत एकटाच उठून उभा राहिलो. सप्टेंबर १९६६. अमेरिकेचं जेमिनी ११ हे यान, आत पीट कॉनरॅड आणि रिचर्ड गॉर्डन. पृथ्वीभोवती फिरता फिरता ते अजीना नावाच्या रॉकेटला जाऊन जोडलं गेलं. तिथे तराजू निरुपयोगी, कारण यान आणि मापं दोन्ही एकत्रच पडत असतात. मग अजीनाचं वस्तुमान मोजायचं कसं? त्यांनी जेमिनीचे प्रणोदक पेटवून अजीनाला ढकललं. उदाहरणातले आकडे असे. बल ८९५ न्यूटन, वेळ ७ सेकंद, तेवढ्या वेळात वेगातली एकूण वाढ ०.९१ मीटर प्रति सेकंद. बल गुणिले वेळ, भागिले वेगातला बदल, की दोघांचं मिळून होतं ६,८८५ किलो. जेमिनीचे ३,४०० वजा केले की अजीना ३,४८५ किलोची. दुसऱ्या मार्गानं माहीत असलेलं तिचं वस्तुमान ३,६६० किलो होतं. फरक पाच टक्क्यांच्या आत.

मला त्यात आमची ट्रंकच दिसली. एकूण काढायचं आणि त्यातून गाडी वजा करायची. जेमिनी म्हणजे आमची बाकं वाहायची गाडी. फक्त त्यांना घर्षणाचा कडता नव्हता. तिथे वर हवा जवळजवळ नाही आणि खाली फरशी नाही, त्यामुळे लावलेलं बल आणि निव्वळ बल एकच. त्यांचं काम आमच्यापेक्षा सोपं होतं, असं मी खोलीतल्या मित्राला सांगितलं. अजूनही या मुद्द्यापुरतं माझं मत तेच आहे. आजही अंतराळ स्थानकात राहणाऱ्यांचं वस्तुमान करायचं एक यंत्र याच तत्त्वावर चालतं. ठरावीक बलाची स्प्रिंग माणसाला ओढते आणि त्याला किती त्वरण मिळालं ते यंत्र मोजतं.

गेली अनेक वर्षं मी पुण्याजवळ ट्रकच्या गिअरबॉक्सवर काम करतो. ज्या ट्रकमध्ये गिअर ड्रायव्हर टाकत नाही, गाडीच स्वतः टाकते, तिथे गाडीला स्वतःचं वजन ठाऊक असावं लागतं. दहा चाकी ट्रक रिकामा असतो तेव्हा दहा टनांच्या आसपास, आणि भरला की कायद्यानं २८.५ टनांपर्यंत जाऊ शकतो. हलका समजून वरचा गिअर पडला तर घाटात गाडीचा दम तुटतो. जड समजून खालचा पडला तर डिझेल जळतं. वजनकाटा काही ट्रकच्या पोटात बसवलेला नसतो. मग इंजिनाची ओढ आणि वेगातला बदल यांवरूनच वजन काढायचं. माझं काम ते.

सुरुवातीच्या काळात आमची एक चाचणी गाडी खंबाटकीचा घाट चढत होती, पुण्याहून साताऱ्याकडे. वाळूच्या पोत्यांनी भरलेली, २५ टन. सपाट रस्त्यावर तिनं आपलं वजन नीट सांगितलं होतं. घाटात मात्र पडद्यावर आकडा चढत गेला आणि ७५ टनांवर जाऊन बसला. मागून येणारे भोंगे वाजवत होते, आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत होती, आणि मी केबिनमध्ये बसून तो आकडा बघत होतो. मला एकदम १३१ आठवलं.

गोल आकड्यांत सांगतो. चाकांवर ओढ २०,००० न्यूटन. रस्त्याचा आणि हवेचा कडता म्हणून आम्ही २,००० कापत होतो, ते सपाटीला ठीक. पण चढ स्वतःचे आणखी १२,००० कापून घेत होता आणि तो आमच्या हिशेबात नव्हताच. त्वरण होतं ०.२४. निव्वळ ६,००० भागिले ०.२४ केलं असतं तर २५ टन आलेच असते. आम्ही १८,००० ला भागलं, ७५ आले. भागाकार बरोबर, सूत्र बरोबर. नववीतल्यासारखंच.

चढ मोजायला संवेदक बसवावा, असं बैठकीत ठरत होतं. तोही एक मार्ग आहे, आणि पुढे आम्ही तो वापरलाही. पण मी त्या रात्री झोपलो नाही. मला आठवत होती ती सावकाश ओढलेली गाडी आणि सारख्या अंतरावरचे थेंब. कडता वेगळा मोजायचा असेल तर ओढ बदलून पाहायची. ट्रकमध्ये ओढ आपोआप कधी बदलते? गिअर बदलताना. त्या एका क्षणी क्लच सुटलेला असतो, चाकांवर इंजिनाची ओढ शून्य असते आणि गाडी फक्त कडत्याच्या ताब्यात असते. आमच्या आकड्यांत तेव्हा वेग दर सेकंदाला ०.५६ नं उतरतो. ओढ असताना अधिक ०.२४, नसताना उणे ०.५६. दोहोंतला फरक ०.८०. चढ, रस्ता, हवा, सगळं दोन्ही वेळी तेच, म्हणून वजाबाकीत गळून जातं. २०,००० भागिले ०.८० म्हणजे २५,००० किलो. चढ किती होता हे विचारायचीसुद्धा गरज नाही.

ही पद्धत मी शोधलेली नाही. या क्षेत्रात जाणकारांना ती आधीपासून माहीत होती, हे मला नंतर वाचताना कळलं. आणि प्रत्यक्षात ती इतकी सरळही नाही. गिअर बदलायला सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो, गाडी तेवढ्यात हिसका खाते, फिरणारी चाकं आणि दांडे आपलं जडत्व वेगळं मागतात. असे कडते सापडत जातात आणि एकेक मोजत बसावं लागतं. पण त्या रात्री मला कुणी विचारलं असतं की हे तुला कुठून सुचलं, तर मी शाळेच्या व्हरांड्याचं नाव सांगितलं असतं.

सर निवृत्त झाल्यावर एकदा घरी जाऊन भेटलो होतो. घाटातली सगळी हकिकत सांगितली. त्यांनी कागद मागितला, आकडे स्वतः मांडून पाहिले आणि दोनदा तपासले. मग विचारलं, "आणि ट्रकमधली बांबू-बाटली कोणती?" मी म्हटलं, टाकीतलं डिझेल, वाटेत जळत जातं ते. त्यांनी मान डोलावली आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.

आमच्या तुकडीनं वर्गणी काढून शाळेला एक गाडी करून दिली आहे. चार चाकी, चांगल्या बेअरिंगची, बांबूऐवजी वर पाइपचा खांब. सोबत सहा नवे ताणकाटे आणि सलाईनच्या नळ्यांचा एक खोका. नव्या इमारतीच्या फरशीवर पाण्याचे थेंब उठतात का, तेही मी येऊन पाहून गेलो. निळीचे उठतात. खांब आणि बाटलीसकट गाडीचं वस्तुमान मी केलेलं आहे, पण ते गाडीवर कुठेही लिहिलेलं नाही.